तिसऱ्या मजल्यावरचा बेस

दुकानात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव मालकाने ठेवलेलं. स्पीकर बघायला आलेलं गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की मालक आतल्या खोलीकडे बोट करून म्हणायचा, "मोजायची यंत्रं आहेत आमच्याकडे, पण धूळ खात पडलीत. आमचा कानसेन असताना यंत्र कशाला?" मग आतून पन्नाशी उलटलेला, ठेंगणा, खिशाला स्क्रूड्रायव्हर खोवलेला एक माणूस बाहेर यायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता तो खोलीची लांबी-रुंदी विचारायचा. पडदे जाड की पातळ, खाली नुसती फरशी की काही अंथरलेलं, सोफा कुठे. उत्तरं ऐकताना डोळे मिटून घ्यायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा झोपला. मालकाला ठाऊक असायचं, विक्री झाली.

बावीस वर्षं त्याने परक्यांच्या दिवाणखान्यांत काढली होती. टॉवर स्पीकर, म्हणजे ते कमरेच्या वर येणारे दोन उंच खांब, त्यांना तो जावई म्हणायचा. "भिंतीला चिकटवलंत की तोंड फुगवतात. दोन हात पुढे घ्या, दोघांत सारखं अंतर ठेवा, आणि तोंडं बसणाऱ्याकडे वळवा. मग बघा कसे गोड बोलतात." लोक हसायचे. पण त्याची खरी करामत होती ती बेस लावण्यात. नुसता खालचा, जड आवाज काढणारा चौकोनी डबा असतो, त्याला धंद्यात सब म्हणतात. तो सब कानसेन आधी चक्क सोफ्यावर ठेवायचा, माणूस बसतो त्या जागी. एखादं ढोलाचं गाणं लावायचा, आणि स्वतः गुडघ्यांवर आणि तळहातांवर येऊन खोलीभर रांगायचा. जिथे आवाज एकसारखा, भरून येईल तिथे खडूची खूण. सबची जागा ती. घरातली पोरं खिदळत, एकदा तर एका घरातली चिमुरडी त्याच्या पाठीवरच चढून बसली होती. त्याने तिला उतरवलं नाही. तिच्यासकट रांगला.

गेल्या वर्षापासून मात्र उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि जमिनीवर बसू नका म्हणून सांगितलं. कानसेनने ही गोष्ट दुकानात कुणाला कळू दिली नाही. सब कोपऱ्यात ठेवला की आवाज आपोआप मोठा येतो, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मोठा म्हणजे चांगला नव्हे, हेही माहीत होतं. पण गिऱ्हाईक खूश होतं. एका घरी त्याने तसं केलं, मग दुसऱ्या घरी. कुणी तक्रार केली नाही. मग ती सवयच पडली.

क्रेनवाल्या काकांच्या घरी तो गेला तेव्हा उन्हाळा होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन जिने चढून वर गेला तर दारात सहा फुटी म्हातारा उभा, पाण्याचा तांब्या हातात धरून. "बसा आधी. दम खा. मग काय ते खांब रोवा."

काकांनी पस्तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली होती. बायको जाऊन आठ महिने झाले होते, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. घर स्वच्छ होतं, पण एकट्या माणसाचं असतं तसं: एकच कप धुऊन पालथा घातलेला, एकच टॉवेल दांडीवर. "वर केबिनमध्ये बसायचो ना," काका सांगायला लागले, "माल उचलला की त्याचं वजन मला काट्याआधी बुडाखाली कळायचं. सगळी केबिन घुमायची. घरी बसल्यापासून अंगाला तो आवाजच नाही हो. हिच्या आजारपणात लक्षात आलं नाही. आता घर कसं मुकं वाटतं. तुम्ही असं लावा की छातीत बसला पाहिजे."

"बसेल," कानसेन म्हणाला.

त्याने टॉवर लावले. ते काम त्याने नेहमीसारखं, मन लावून केलं. सुतळीने अंतरं मोजली, तारांची लाल-काळी टोकं दोनदा तपासली. मग सबची पाळी आली. हॉल लांबट होता आणि सोफा बरोबर मधोमध. कानसेनने बघताक्षणी ओळखलं की ही जागा वाईट. लांब खोलीत बेसच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि मधे आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. भिंतीपाशी, कोपऱ्यात धडधड, आणि मधे बसलेल्या माणसाच्या वाट्याला जवळजवळ काही नाही.

"सोफा दोन हात मागे घेऊ या का?" त्याने विचारलं.

"सोफा हलणार नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला जागा नव्हती. मग तेच जरा वरमून म्हणाले, "तिने ठेवलाय तो तिथे. तिथून दारही दिसतं आणि ओटाही. शेवटची दोन वर्षं ती तिथेच असायची."

तरीही उपाय होता. सब कोपऱ्यात न ठेवता सोफ्याच्या लगतच्या लांब भिंतीशी, साधारण मधे कुठेतरी आणायचा. नेमकं कुठे, ते रांगून शोधायचं. आणि डब्याखाली जाड रबराची गादी घालायची, म्हणजे हादरा फरशीत उतरत नाही. गादी खोक्यातच आली होती, पिशवीत गुंडाळलेली. पण तीन जिने चढून गुडघा ठणकत होता. काका म्हणाले, "तो डबा तिकडे पडद्यामागे ढकला ना, दिसायला नको." कानसेनने पडद्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि डबा कोपऱ्यात सरकवला. चित्रपट लावला. सोफ्यावर बसून काकांनी कान दिला.

"छातीत नाही बसत."

कानसेनने मागची कळ फिरवून आवाज वाढवला. अजून नाही. अजून वाढवला. तेव्हा कुठे काकांनी मान हलवली, तीसुद्धा अर्धवट. कानसेन उभा होता पडद्याशी. तिथे त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. त्याने सामान आवरलं. गादी त्याच्या सामानातच राहिली. निघताना तो नेहमीचं वाक्य बोलला, "एकदा मी लावलं की कुणी हात लावायचा नाही."

काकांनी ते तंतोतंत पाळलं. हात लावला तो फक्त रिमोटला, आवाज वाढवायला.

खाली दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची. चाळिशीची, अविवाहित, कायम रात्रपाळी करणारी. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं होतं. आता तो अठ्ठावीस वर्षांचा होता, मालाची व्हॅन चालवायचा आणि तिच्याच बरोबर राहायचा. ती सकाळी आठला घरी यायची, आंघोळ करून, चहा-पाव खाऊन झोपायची ती चारपर्यंत. तिची झोपायची खोली बरोबर त्या पडद्यामागच्या कोपऱ्याखाली होती. काका दुपारचं जेवण करून दोन वाजता चित्रपट लावायचे. रात्री आवाज करून कुणाला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

पहिल्यांदा ती वर गेली तेव्हा हात जोडूनच बोलली. काका मनापासून चकित झाले. "अहो, मलाच नीट ऐकू येत नाही. त्या दुकानवाल्याला मी चार शिव्या घातल्यात मनातल्या मनात. तुम्हाला कसा ऐकू येईल?"

"कानाला येत नाही, काका. दातांत येतो. कपाटातल्या काचा वाजतात."

"या, बसा इथे. स्वतः ऐका." त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं आणि चित्रपट लावला. तिला काही फारसं ऐकू आलं नाही. ती गोंधळली. खाली गेली, तर काचा वाजत होत्या.

इथून सगळं बिघडलं. दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच दोघांनाही वाटलं की समोरचा खोटारडा आहे. काकांना वाटलं, एकटा म्हातारा बघून ही बाई त्रास देते आहे. तिला वाटलं, म्हातारा ती आली की आवाज कमी करतो आणि गेली की वाढवतो. शेजाऱ्यांनी हात झटकले. दुपारी दोन वाजता वाजवलं तर कोण काय म्हणणार?

शेवटी ती दुकानात आली. दुकान तिने काकांच्या दारात पडलेल्या खोक्यावरून शोधलं होतं. मालकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकाची तक्रार नाही, मग आम्ही कुणाच्या घरात कसे घुसणार?" ती जायला वळली तेव्हा कानसेन मागोमाग बाहेर फुटपाथवर आला.

"काचा कुठल्या भिंतीच्या वाजतात?" त्याने विचारलं.

"खिडकीच्या बाजूच्या. कोपऱ्यातल्या."

डोळे मिटायचीही गरज नव्हती. सगळी खोली समोर उभी राहिली.

"मी येतो," तो म्हणाला. "रविवारी, माझ्या सुट्टीत. मालकाला सांगू नका. थोडं काम आहे, होऊन जाईल."

तिने त्याच्याकडे असं बघितलं, जणू तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणी तिला वेडी ठरवलं नव्हतं. "नक्की ना हो, भाऊ?"

"नक्की."

त्या रविवारी बायकोच्या माहेरचे लोक आले आणि दिवस गेला. पुढच्या रविवारी तो रबराची गादी पिशवीत घालून खरंच निघाला. बसने गेला, इमारतीच्या फाटकाशी उतरला. वर तिसऱ्या मजल्यावरचा तो पडदा दिसत होता. आता वर जाऊन काय सांगायचं? काका, मी चुकीचं लावलं? मला तेव्हाच माहीत होतं? दुखऱ्या गुडघ्यापायी तुम्हाला फसवलं? तो फाटकाशी घुटमळला. समोर केळीवाला होता. त्याच्याकडून अर्धा डझन केळी घेतली, काहीतरी कामासाठी आल्यासारखी, आणि परतीच्या बसमध्ये बसला. पुढच्या रविवारी नक्की, असं त्याने स्वतःला बजावलं. घरी बायको म्हणाली, "केळी तर आपल्या कोपऱ्यावरही मिळतात."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, ते घडलं.

नर्स रात्रपाळीत खुर्चीवर झोपलेली सापडली. एका रुग्णाची सलाइनची बाटली संपून गेली होती. सुदैवाने त्याला काही झालं नाही, पण तिला महिनाभर घरी बसायला सांगितलं गेलं. दुपारी भाऊ जेवायला आला तेव्हा ती झोपायच्या खोलीत नव्हती. न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. तिथे हादरा जरा कमी लागायचा. भाऊ जेवला नाही. जिना चढून वर गेला आणि त्याने दार ठोठावलं.

काकांनी दार उघडलं. शब्दाला शब्द वाढला. समोरच्या दारातल्या बाईने पुढे पोलिसांना सांगितलं ते असं: भावाने म्हाताऱ्यावर हात उगारला नाही. उलट म्हाताऱ्यानेच त्याचं मनगट धरलं आणि आत ओढायला लागला. "चल, बस माझ्या सोफ्यावर! एकदा बसून ऐक, मग बोल!" भावाने जोरात हात हिसकला. मनगट न सोडलेले काका त्या हिसक्यासरशी दारातून बाहेर ओढले गेले, जिन्याच्या कडेला पाय गेला आणि ते तोंडावर खाली गेले. आत चित्रपट चालूच होता.

अकरा दिवस ते दवाखान्यात बेशुद्ध होते. बाराव्या दिवशी गेले. भावाला त्याच दुपारी धरून नेलं होतं.

कानसेनला हे कळलं ते मालकाकडून, तेही गोष्ट म्हणून. "आवाजावरून मारलं म्हाताऱ्याला. काय दिवस आलेत बघ." आणि पुढे, "मुलगी फोन करत होती. सेट काढून न्यायचाय म्हणते. तूच लावलायस, तूच जा."

मुलगी तिशीची होती, बापासारखीच उंच. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. "काढा," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी बाबांना मारलं तो हा आवाज. मी परवा लावून बघितला. काही नाही त्याच्यात. एवढ्याशा आवाजासाठी माणूस मारतात?"

कानसेन तारांकडे वाकला. मग पुन्हा सरळ झाला.

"ताई, तुम्ही कुठे बसून ऐकलंत?"

"कुठे म्हणजे? सोफ्यावर."

"एकदा माझ्याबरोबर ऐका."

त्याने चित्रपट लावला, काकांनी ठेवला होता तेवढ्याच आवाजात. तिला सोफ्यावर बसवलं. ती म्हणाली, "हेच तर सांगतेय." मग त्याने तिला पडद्याशी नेलं आणि भिंतीवर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. मग ती दाराबाहेर पडली आणि जिना उतरून खाली गेली. कानसेनला खालचं दार वाजल्याचं ऐकू आलं. दार उघडल्याचंही. त्यानंतर काहीच नाही. तो परक्याच्या घरात एकटा उभा होता आणि टीव्हीवर जहाजं फुटत होती. खाली त्या दोघी काय बोलल्या, बोलल्या की नाही, ते त्याला कधीच कळलं नाही.

पंधरा मिनिटांनी ती वर आली. "बंद करा ते."

त्याने बंद केलं.

"बाबांना हे माहीत होतं?"

"नाही. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. ती जागाच तशी आहे."

"मग कुणाला माहीत होतं?"

नाही म्हणायला एक क्षण पुरेसा होता. "मला," तो म्हणाला. "लावतानाच माहीत होतं."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. सोफ्याच्या हातावर टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही हात लावू नका कशाला. जा. दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगा."

तो जिना उतरला. दुसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं. त्याने बेलकडे हात नेला आणि मागे घेतला.

दोन दिवस तो कामावर गेला. तिसऱ्या दिवशी भावाच्या वकिलाचा पत्ता शोधून तिथे गेला. वकिलाला आधी कळेचना, हा स्पीकरवाला कशाला आला. कानसेनने त्याच्याच टेबलावरचा कागद ओढून खोलीचा आराखडा काढला, सोफा दाखवला, कोपरा दाखवला. वकील खुर्चीत पुढे सरकला. "हे कोर्टात सांगाल?" "सांगेन." "तुमच्यावर येईल सगळं." "येऊ दे."

मालकाने त्याला आतल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "बावीस वर्षं मी तुझ्या नावाने माल विकला. आणि तू भर कोर्टात सांगणार की आमचा माणूस काम चुकवतो? गुडघा दुखत होता तर मला सांगायचं. दुसरं काम दिलं असतं."

"सांगायला हवं होतं," कानसेन म्हणाला.

"मग आता तरी गप्प बस."

"ते आता जमत नाही."

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज चढवला नाही. महिनाअखेरपर्यंत ये, म्हणाला, आणि मग नको येऊस.

कोर्टात सरकारी वकिलाने त्याला सोललं. "तुम्हाला वस्तू चुकीची बसवली हे केव्हा कळलं?" "बसवतानाच." "बाईंनी येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही काय कबूल केलंत?" "रविवारी येतो म्हणून." "गेलात?" "फाटकापर्यंत." मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं तेव्हा ते थांबलं. काकांची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

भावाला तीन वर्षांची शिक्षा झाली. वकील म्हणाला, साक्ष नसती तर कितीतरी जास्त झाली असती, कारण तोवर सगळ्यांचा समज होता की आवाजाचं नुसतं निमित्त करून तो भांडायलाच वर गेला होता. कानसेन बाहेरच्या बाकावर बसला होता तिथून नर्स जात होती. तो उठून उभा राहिला. ती थांबली.

"खरं बोललात तुम्ही," ती म्हणाली. "ते मी नाकारत नाही. पण मी त्या दोन रविवारी बारा वाजल्यापासून खिडकीत बसले होते, भाऊ. दुसऱ्या रविवारी तुम्ही मला दिसलात. पिशवी घेऊन आलेले, केळी घेऊन गेलेले." आणि ती निघून गेली. कानसेन पुन्हा बसला तो शिपायाने उठवेपर्यंत बसून राहिला.

घरी बायकोने ताट वाढलं. त्याने कोर्टातलं सगळं सांगितलं, केळ्यांचंही. ती ऐकत होती, हातातला डाव तसाच धरून. "मला तेव्हाच बोलला असतात तर मी आले असते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं त्या म्हाताऱ्याला."

आता तो घराच्या पुढच्या खोलीत पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. स्पीकर कुणी घेऊन आलं तर नाही म्हणतो. नर्सने ते घर सोडलं, कुठे गेली ते कुणाला नीट ठाऊक नाही. पहिलं वर्ष संपता संपता कानसेनने तुरुंगात भेटीसाठी अर्ज केला. भाऊ भेटायला तयार होईल असं त्याला वाटलं नव्हतं. झाला. जाळीपलीकडे बसला. वाळला होता, केस बारीक कापलेले.

भावानेच आधी विचारलं, "किती वेळाचं काम होतं ते?"

"पाऊण तास," कानसेन म्हणाला. "खाली गादी घालणं धरून."

भावाने मान हलवली, एखादा भाव विचारून घेतल्यासारखी. "ताईला सांगू नका हं," तो म्हणाला. "तिला वाटतं, दिवसभर लागला असता." मग त्याने व्हॅनचं विचारलं, ती कुणी घेतली, कानसेनला काही कळलं का. कानसेनला माहीत नव्हतं. चौकशी करतो, म्हणाला. तेवढ्यात वेळ संपल्याची बेल झाली. भाऊ उठून रांगेत जाऊन उभा राहिला आणि कानसेन गुडघ्यावर हात दाबत बाहेर आला.

व्हॅन कुणी घेतली ते त्याने त्याच संध्याकाळी, चार ठिकाणी चालत जाऊन, शोधून काढलं.